मोजण्याआधीची ओंजळ

ताम्हिणीच्या नोंदवहीत कोरडे दिवस फार होते.

बासष्ट सालच्या श्रावणात, पुण्याच्या कचेरीत बसून त्या वहीची अकरा वर्षांची पाने उलटत असताना ही गोष्ट माझ्या लक्षात आली. ताम्हिणी म्हणजे घाटमाथा. समुद्राकडून आलेले ढग आधी जिथे टेकतात ते गाव. तिथल्या पर्जन्यमापकात आषाढातल्या एकेका दिवसाला आठ आठ, दहा दहा इंच नोंदलेले. पण श्रावण-भाद्रपदात, जेव्हा खाली मुळशीच्या धरणावर दहा सेंट, पंधरा सेंट अशी बारीक नोंद असे (शंभर सेंटचा एक इंच), तेव्हा ताम्हिणीपुढे गोल, निर्विकार शून्य. एकदा नव्हे, दर वर्षी पंधरा-वीस वेळा. खाली झिमझिम आणि माथा कोरडा, असे एखादे दिवशी घडेलही. अकरा वर्षे ढगांनी असा नेम पाळावा, हे मला पटेना.

त्या वहीवर तेव्हा पुष्कळ काही टेकलेले होते. मुळशीच्या तलावातले पाणी मूळचे पूर्वेचे. नदीने ते पुण्यावरून, भीमेतून, कृष्णेतून, तीन राज्ये ओलांडत बंगालच्या उपसागराला न्यायचे. धरण झाल्यापासून ते पश्चिमेला वळते, सह्याद्रीच्या पोटातून कोकणात कोसळते, विजेची चक्रे फिरवते आणि मुंबईचे दिवे लावून दुसऱ्याच समुद्राला मिळते. खालची राज्ये म्हणत, आमचे पाणी मागच्या दाराने जाते. वीज कंपनी म्हणे, जे अडवले ते आम्ही अडवले. त्या वर्षी प्रथमच दोघांना मान्य होईल असा मसुदा तयार झाला होता. माथ्यावर जितका पाऊस मोजला जाईल त्याचा ठरावीक हिस्सा पूर्वेकडे नदीत सोडायचा, उरलेल्यावर वीज करायची, आणि तुटीच्या वर्षी चक्रे मंद करायची, म्हणजे तलावाचा तळ उघडा पडणार नाही आणि खालची शेतेही वाळणार नाहीत. मात्र पाऊस कुणाच्या मापाने मोजायचा, या एका प्रश्नावर बैठक दोनदा मोडली. कंपनीचे माप खालच्यांना चालेना, खालच्यांचे कंपनीला. ताम्हिणीचे माप आमच्या खात्याचे होते आणि ते सांभाळणारा गेणबा हा एक म्हातारा होता, ज्याची ना वर जमीन होती ना खाली. त्याची वही दोन्ही बाजूंनी मान्य केली. तिच्या शेवटच्या पानावर ‘ही नोंद अखंड व निर्दोष आहे’ असे लिहून तपासनीसाने सही करायची, एवढेच उरले होते.

तपासनीस मी होतो. नोकरीला सहा महिने झाले होते आणि शाईपेक्षा अधिक जबाबदार असे काही माझ्या हाताला अजून लागले नव्हते.

सहीआधी कंपनी आणि खालची राज्ये यांची माथ्यावर संयुक्त पाहणी ठरली होती; तिच्या चार दिवस आधी मी ताम्हिणीला गेलो. पौडपर्यंत एसटी, पुढे कोळशाचा ट्रक, शेवटचे तीन मैल पायी. गेणबाचे घर माथ्याच्या खोगीरावर होते. अंगणात कुंपण घालून पितळी पर्जन्यमापक जमिनीत बसवलेला, आणि त्याच्यापासून सात पावलांवर, कातळाच्या अगदी कण्यावर, शेंदूर लावलेला एक तांदळा, देवीचा अनघड दगड. गेणबा साठीचा, उंच, खांद्यांत किंचित वाकलेला. त्याचे हात मात्र त्याच्या बाकीच्या देहापेक्षा मोठे होते. दारात उभा राहून तो नमस्कारासाठी हात जोडी तेव्हा क्षणभर त्याचे तोंड त्यांच्यामागे झाकले जाई. मी कोण हे सांगितल्यावर त्याने विचार केला आणि म्हणाला, “म्हंजे तुमी पावसाचे तलाठी.”

आतून त्याच्या बायकोने, चंद्राबाईने, चुलीपाशी बसूनच भर घातली की घरात घागरभर पाणी आणायचे तर ह्यांचे गुडघे धरतात, सरकारचे पाणी मात्र घड्याळ बघून भरतात. घड्याळ खरोखरच होते. खात्याने दिलेले, गजराचे, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेले. रोज सकाळी साडेआठला ते उलगडले जाई.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी कुंपणापाशी उभा होतो. रात्री चांगला पाऊस झाला होता. गेणबाने मापकाचे नाळके, म्हणजे वरचे नरसाळे, उचलले, आतली बाटली काढली, ती बगलेत धरून स्वतःच्या डाव्या तळव्यात कलती केली, मग चटकन उजवा हात खाली जोडला, आणि भरलेली ओंजळ सांडू न देता सात पावले चालून त्या तांदळ्यावर सोडली. परत येऊन उरलेले पाणी काचेच्या मापात ओतले, डोळा मापाच्या रेषेला आणला आणि मला आकडा सांगितला. दोन इंच अकरा सेंट. तोच त्याने वहीत लिहिला.

कदाचित आज काही सण असेल, असे स्वतःला सांगितले. तिसऱ्या दिवशीही तेच झाले, त्याच सात पावलांनी, आणि मग विचारणे भाग होते.

गेणबाला प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. त्याने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडतो. त्याचे गाव धरणात गेले तेव्हा तो पंचविशीत होता. काळजाई ही त्यांची देवी नदीकाठची. सकाळी नदीतली पहिली ओंजळ तिच्या पायांवर आणि मग माणसांनी घागरी भरायच्या, हा गावाचा रिवाज. पाणी चढू लागले तेव्हा घरांच्या वाशांआधी त्यांनी तिला डोक्यावर घेतले आणि वर चढले. पण माथ्यावर नदी नव्हती. कितीतरी वर्षे देवी तशीच राहिली, पावसात भिजत, पण नदीवाचून. मग आमच्या खात्याचा कुणी अधिकारी आला, त्याने अंगणात हा डबा पुरला आणि गेणबाला कामावर ठेवताना सांगितले की इथे आपण नदी मोजणार आहोत.

“साहेब सोता म्हनला, गेणबा, हितं नदी मोजायची,” गेणबा मला म्हणाला. “मंग नदी हितंच आली न्हवं?”

मी म्हणालो की पाऊस सगळीकडेच पडतो, देवीवरही पडतो, शेजारी एक तांब्या ठेवला तर त्यातही तेच पाणी जमेल. त्याने मान हलवली. बाहेर पडते तो नुसता पाऊस, म्हणाला. ज्याच्यावरून पुढच्या मुलखांचे वाटे ठरतात ती नदी, आणि ती या डब्यात आहे.

अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की मसुदा करणाऱ्यांचेही म्हणणे नेमके हेच होते.

त्या दुपारी पडवीत बसून मी हिशेब मांडला. माझी स्वतःची ओंजळ काचेच्या मापात ओतून पाहिली: चौतीस सेंट. गेणबाच्या हातांना चाळीस धरायला हरकत नव्हती. पावसाळ्यात शंभरावर दिवस. म्हणजे दर वर्षी चाळीसएक इंच, एकूण पावसाचा जवळजवळ सहावा हिस्सा, अकरा वर्षे देवीच्या डोक्यावरून वाहून गेला होता. आणि ज्या दिवशी ओंजळभरही पाणी जमत नसे, त्या दिवशी जे असेल ते सगळे तिचे, आणि वहीत शून्य. ते कोरडे दिवस कोरडे नव्हते. झिमझिम होती, फक्त ती मोजण्याआधी दिली जात होती.

आता मी सही कशी करणार होतो? नोंद अखंड होती, यात शंका नव्हती. अकरा वर्षांत एकही सकाळ चुकलेली नव्हती. पण निर्दोष? हे सांगितले तर वही बाद, बैठक तिसऱ्यांदा मोडणार, आणि डबा उपटून दुसऱ्या अंगणात जाणार. न सांगितले तर तीन राज्ये आणि एक महानगर एका ओंजळीने उण्या आकड्यावर वर्षानुवर्षे चालणार. मी संध्याकाळपर्यंत बसलो. समोरचे डोंगर धुक्यात एकेक करून पुसले जात होते आणि पुन्हा दिसत होते, आणि प्रत्येक वेळी ते थोडे निराळ्या जागी आहेत असा मला भास होत होता.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी खाली धरणाजवळच्या बंगल्यावर गेलो. साहेब मंडळी येऊन उतरली होती. कंपनीतर्फे भरुचा, गोरे, नीटस, छत्रीवाचून कधीही न दिसणारे. आंध्रातर्फे वेंकटरत्नम, कृष्णेच्या मुखाकडच्या भातशेतांतून आलेले, ज्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला की इथे माणसे इतका पाऊस सहन कशी करतात. म्हैसूरचे एक गृहस्थ होते, ते सर्दीने बेजार होऊन खोलीत पडून होते. मी आडून आडून चाचपले. समजा, ताम्हिणीला प्रत्यक्षात वहीपेक्षा जास्त पाऊस पडत असेल तर?

भरुचांच्या कपाळावर आठी आली. तसे ठरले तर खालचे लोक तेवढा जादा हिस्सा मागतील, म्हणाले. जे पाणी तलावात कधी आले नाही ते कागदावरून मागतील. आहे तोच आकडा बरा आहे.

नंतर व्हरांड्यात वेंकटरत्नमना मी तेच विचारले. तेही दचकले. म्हणाले, तसे झाले तर कंपनी म्हणणार की पाणी मुबलक आहे, आणि चक्रे जोरात फिरवून तलाव उपसणार. आहे तोच आकडा योग्य आहे.

पाऊस वाढलेला दोघांनाही नको होता. चूक सुधारली तर दोघांचेही नुकसान होणार होते, किंवा दोघेही तसे समजत होते. माथ्याकडे परत चढताना मी हे पुनःपुन्हा मांडून पाहिले आणि दर वळणावर निराळे उत्तर आले. कोणाचेच नुकसान न करणारी चूक ही चूक असते का? आणि कोणालाच नको असलेले खरे, ते कोणाच्या हाती द्यायचे?

गेणबाला मी एकच विनंती केली. उद्या साहेबांसमोर आधी मोजा, मग वाहा. ओंजळ तीच, पाणी तेच. एवढा एक दिवस.

त्याने माझ्याकडे दयेने पाहिले, असे मला वाटले. “मोजून झालं म्हंजे उष्टं झालं की. तिला उष्टं वाहू व्हय?”

मी विचारले, त्यांनी हटकले तर काय सांगाल? तो म्हणाला, जे आहे ते सांगीन. अकरा वर्षांत कुणी विचारलेच नाही.

सकाळी दोन जीपगाड्या आल्या. रात्रभर कोसळून पाऊस साडेआठच्या सुमारास थांबला होता, आणि ढग इतके खाली होते की भरुचांनी छत्री मिटायला थोडा वेळ घेतला. चंद्राबाईने गुळाचा चहा केला होता. तो हातात घेऊन सगळे कुंपणाभोवती उभे राहिले. गेणबाने फडक्यातून घड्याळ काढून सर्वांना दाखवले, परत गुंडाळले, नाळके उचलले, बाटली बगलेत धरली. मी त्याच्या डोळ्यांत पाहण्याचा प्रयत्न केला. त्याचे लक्ष पाण्याकडे होते. त्याने तळवा भरला, दुसरा हात जोडला, आणि तीन राज्यांच्या देखत सात पावले चालून ओंजळ काळजाईवर सोडली.

मग भरुचांनी मला इंग्रजीत हलक्या आवाजात विचारले की हे रोज होते का. मी हो म्हणालो. वेंकटरत्नमनी चहाचा पेला कुंपणाच्या खांबावर ठेवला. मला वाटले, संपले. आता जीपगाड्या वळतील. पण ते गेणबाकडे गेले नाहीत, देवीकडे गेले. खाली वाकून ते पाण्याकडे पाहू लागले. ओंजळ शेंदरावरून ओघळून कातळावर उतरली होती, आणि तो कातळ म्हणजे माथ्याचा कणा होता: अलीकडे पडलेला थेंब तलावाकडे, पलीकडे पडलेला कोकणाकडे. भरुचाही येऊन वाकले. वेंकटरत्नम म्हणाले, पूर्वेकडे चालले आहे. भरुचांनी छत्रीच्या टोकाने एक बारीक ओघळ दाखवला, तो पश्चिमेला निघाला होता. दोघेही आणखी वाकले. गेणबा त्यांच्यामागे बाटली धरून उभा, तोही बघू लागला. इतक्या वर्षांत त्याने ते कधी पाहिले नसावे. पण कातळ रात्रभर भिजलेला होता. ओंजळ कुठे संपली आणि पाऊस कुठे सुरू झाला, हे थोड्याच वेळात कुणालाच सांगता येईना.

मग जे घडले त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती. ते रागावले नाहीत. वेंकटरत्नमनी भरुचांना सांगितले की आंध्रात कालव्याचे दार उघडताना पहिले पाणी कुणी शेतात घेत नाही. भरुचा म्हणाले की उणे किती आहे हे कळले तर ते मिळवता येते. त्यांनी मला सांगितले, या माणसाची ओंजळ मोजा. दहा वेळा मोजा आणि सरासरी काढा. पावसाच्या प्रत्येक नोंदीत तेवढी मिळवू, शून्ये तशीच ठेवू. वेंकटरत्नमनी मान डोलावली. जीपमध्ये बसलेल्या म्हैसूरच्या गृहस्थांनी रुमालाआडून संमती दिली. दोनदा मोडलेल्या बैठकीत सर्वांना एकदम मान्य झालेली ही पहिली गोष्ट.

गेणबाला मी समजावून सांगितले. तो तयार झाला. आजची तिची तिला पोचली, आता उरलेल्याचे काहीही करा, म्हणाला. घागर आणली. तो ओंजळ भरी, मी खाली काचेचे माप धरी, भरुचा वाचत आणि वेंकटरत्नम लिहीत. पंचवीस. अठ्ठावीस. तेवीस. सव्वीस.

तिसऱ्या ओंजळीलाच माझ्या ध्यानात आले. हे हात तेच होते, पण ही ओंजळ ती नव्हती. देवीकडे जाताना त्याची मनगटे जुळलेली असत, बोटे बोटांत शिवल्यासारखी, एक थेंब गळत नसे. इथे साहेबांच्या मधोमध उभा असताना बोटे सैल होती, आणि घागर ते माप एवढ्या वीतभर वाटेत पाणी दोहोंकडून निसटत होते. तो लबाडी करीत नव्हता. तशी ओंजळ त्याला इथे येतच नव्हती.

सरासरी सव्वीस सेंट निघाली.

वेंकटरत्नमनी टिपण लिहिले, मांडीवर फळी धरून, सुवाच्य अक्षरात. सगळ्यांनी खाली सह्या केल्या. मग वही माझ्यापुढे आली, शेवटचे पान उघडून, आणि भरुचांनी आपल्या खिशातले पेन काढून मला दिले. ते कुठल्याही अर्थाने माझ्यावर दडपण आणत नव्हते. उलट इतक्या प्रसन्न चेहऱ्याचे भरुचा मी त्याआधी पाहिले नव्हते. वेंकटरत्नम चहाचा निवलेला पेला संपवत होते. मला फक्त एवढेच म्हणायचे होते की ती ओंजळ चाळीसची आहे. आणि ते मी कशावरून म्हणणार होतो? मी ती मोजली नव्हती. ती मोजली असती तर ती तशी राहिली नसती, हे मी नुकतेच पाहिले होते. गेणबा घागर उपडी करून ठेवत होता. मी सही केली. ‘निर्दोष’ या शब्दापाशी पेन अडकले, शाईचा एक ठिपका पडला, आणि टिपकागद लावल्यावर तो अधिकच पसरला.

गाड्या उतारावर दिसेनाशा झाल्यावर मी गेणबाला विचारले की मोजायची ओंजळ इतकी लहान का झाली.

तो प्रामाणिकपणे आपल्या हातांकडे पाहू लागला, पालथे, मग उताणे. “तिची वंजळ निराळी असती, साहेब,” तो म्हणाला. “ती मला मागूनबी यायची न्हाई.”

मी एक रात्र आणखी राहिलो. परतीचा ट्रक दुसऱ्या दिवशी होता, आणि खरे म्हणजे मला त्या जागेवरून हलवेना. काहीतरी झाले होते, काहीतरी मोठे आणि बहुधा चांगले. मी त्याचा साक्षीदार होतो, आणि मी त्यात एक खोटा आकडा घातला होता, किंवा खऱ्याच्या जितके जवळ जाता येते तितके गेलो होतो. दोन्हींपैकी कोणते, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

सकाळी साडेआठला झिमझिम होती. गेणबाने घड्याळ उलगडले, नाळके उचलले, बाटली उजेडात धरली. तळाशी दोन-तीन घोट पाणी.

“आज तिच्यापुरतंच हाय,” तो म्हणाला, आणि मनगटे जुळवून सगळे तळव्यात घेतले. एक थेंबही गळला नाही. सात पावले. मी मागोमाग गेलो आणि काल साहेब वाकले होते तसे वाकून पाहिले. पण वरून पाणी येतच होते, सगळा कातळ सारखाच ओला होता, आणि माझ्या चष्म्यावर थेंब साचून पूर्व आणि पश्चिम एक झाल्या होत्या.

त्याने वहीत शून्य लिहिले आणि ती तपासण्यासाठी माझ्याकडे दिली. आकड्यांच्या पुढे शेऱ्यांचा रकाना होता. अकरा वर्षांत तो कुणी वापरला नव्हता. मी उभ्यानेच त्यात एक शब्द लिहिला. गेणबाने वही आपल्याकडे वळवून घेतली, अक्षरावर बोट ठेवून हळूहळू वाचले, “झिम-झिम,” आणि विचारले की ही कुणाच्या वाट्यात धरायची.

मी म्हणालो, मला माहीत नाही.

तो समाधानाने हसला, जणू मी बरोबर उत्तर दिले होते, आणि घड्याळ फडक्यात गुंडाळून आत घेऊन गेला.